भीती वडीची, भक्ती गोळीची

दिवाळी झाली की आमच्या लाखांदूर भागात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. रात्री नाटक, दिवसा पाहुणे. धान कापणीला आलेले असते, हातात पैसा अजून आलेला नसतो आणि घर मात्र माणसांनी भरलेले असते. अशा वेळी मोठ्या गंजात शिजते ती आलू-वडीची भाजी. वडी म्हणजे सोयाबीनची. स्वस्त, भिजवली की फुगणारी आणि रश्श्यात मटणाची आठवण करून देणारी.

गेल्या मंडईला पंगतीत माझा बारा वर्षांचा नातू शेजारी बसला होता. त्याने ताटातल्या वड्या एकेक करून कडेला सारल्या.

"का रे, आवडत नाही?"

"आवडते, आबाजी. पण मुलांनी खायची नसते. छाती मुलींसारखी होते. शाळेत सगळे म्हणतात."

समोर माझी धाकटी बहीण बसली होती. ती हसली आणि म्हणाली, "मग माझ्या ताटात टाक. मी तर त्याच्या गोळ्यासुद्धा घेते. पाळी गेल्यावर अंगाची लाही होते ना, त्यावर चांगल्या असतात म्हणे. मैत्रिणीने दिल्या."

एकच दाणा. त्याला एक जण भीत होता आणि दुसरी त्याची पूजा करीत होती. दोघांनीही ऐकले होते ते अर्धे खरे होते, आणि अर्धे खरे निस्तरायला पूर्ण खोट्यापेक्षा अवघड जाते. बँकेच्या नोकरीत मी हे पुष्कळ पाहिले आहे.

खरा भाग आधी सांगतो. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेवोन नावाची द्रव्ये असतात. त्यांची घडण स्त्रीच्या शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाशी मिळतीजुळती असते. म्हणून त्यांना वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन म्हणतात. अशा द्रव्यांची ताकद जगाला पहिल्यांदा दाखवली ती मेंढ्यांनी. 1940 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवतावर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात. शोध घेतला तेव्हा गवतातली याच कुळातली द्रव्ये सापडली. म्हणजे भीतीला मूळ आहे.

पण मेंढी दिवसभर आणि महिनोन्महिने तेच गवत खात होती. आपण पंगतीत दोन पळ्या भाजी खातो. शिवाय ही द्रव्ये आपल्या इस्ट्रोजेनपेक्षा शेकडो पटींनी दुबळी. कुलपात शिरणारी, पण नीट न फिरणारी किल्ली समजा. पुरुषांवर झालेल्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष 2010 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये एकत्र तपासले गेले. सोयाबीनने पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक पडलेला दिसला नाही. मग छातीची गोष्ट आली कुठून? 2008 मध्ये अमेरिकेतल्या एका साठ वर्षांच्या गृहस्थाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली होती. त्यांची छाती खरोखरच वाढली होती. ते रोज जवळजवळ तीन लिटर सोयादूध पीत होते. दूध सोडल्यावर ते बरे झाले. गावोगावी पोचली ती छाती, तीन लिटर मात्र मागेच राहिले.

आमच्या भागाने हा धडा एकदा फार महागात घेतला आहे. धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोरी फेकायची आमची जुनी रीत. नांगरणी नाही, पाणी नाही, तरी पीक येते. लाखोरीच्या डाळीचे वडे आणि कोवळ्या पाल्याची भाजी खाऊन आमच्या पिढ्या वाढल्या. पण या डाळीत एक असे द्रव्य आहे की ती महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. मध्य प्रदेशात रेवाकडे सालदारांना मजुरीच लाखेच्या डाळीत मिळे. तेवढेच खाऊन कित्येक जण कायमचे काठीवर आले. महाराष्ट्रात 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. राज्याने ती 2008 मध्ये उठवली. त्या बंदीच्या काळात मी पीककर्जाचे अर्ज भरीत असे, तेव्हा शेतकरी लाखोरीचे नाव दबक्या आवाजात घेत. जणू पोराने चोरी केली आहे.

डाळीत दोष होता, हे खरेच. पण ज्यांच्या ताटात भात, भाजी आणि अधूनमधून लाखोरी होती, त्यांचे पाय शाबूत राहिले. ज्यांच्या ताटात दुसरे काहीच नव्हते, त्यांचे गेले.

कर्जाच्या अर्जावर आम्ही तीन गोष्टी पाहत असू: रक्कम किती, मुदत किती, तारण काय. तेच तीन प्रश्न अन्नालाही विचारावेत. किती खातो, किती दिवस खातो आणि ताटात सोबत काय आहे?

वडीला हे प्रश्न विचारा. तेल काढून घेतलेल्या सोयाबीनच्या पिठाची ती वडी. तिच्यात निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. ज्या घरात तुरीची डाळ मोजून शिजते आणि अंडी सणासारखी येतात, त्या घरातल्या वाढत्या मुलाने एका अफवेपायी ती बाजूला सारावी, याचे मला वाईट वाटते. जपानी माणसे पिढ्यान् पिढ्या टोफू आणि मिसो खात आली. त्यांच्या पुरुषांना मिशा आल्याच की!

आता बहिणीच्या गोळ्या. काही बायकांना अंगाची लाही थोडी कमी झाल्याचे आढळले आहे, काहींना काहीच फरक पडत नाही. चमत्कार कोणाला होत नाही. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या बायकांना सोयाबीनची फार धास्ती घातली जाते. शांघायमध्ये अशा पाच हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. आहारात सोयाबीन जास्त असणाऱ्यांत रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण कमीच दिसले. पण ते अन्न होते. गोळीत त्याच द्रव्याचा अर्क असतो आणि तिला ताटाचे तारण नसते. असा आजार होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नकोच. आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे, कारण सोयाबीनमुळे ती गोळी अंगी कमी लागते. आणि तान्ह्या बाळाला आईच्या दुधाऐवजी बाजारचे सोयादूध कधीच देऊ नये.

बहिणीला थायरॉइड आहे. दोन्ही गोळ्या ती सकाळी एकदमच गिळत होती. हे मला पंगतीत कळले आणि वड्यांच्या गप्पा तिथेच थांबल्या. दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले.

नातवाला मी काही समजावले नाही. एवढेच म्हटले, "तीन लिटर खाणार आहेस का?" तो विचारात पडला. मग कडेला सारलेली एक वडी उचलून त्याने तोंडात टाकली. दुसरी उचलली तेव्हा त्याच्या आत्याआजीचा हात त्याच्या ताटात होता.

"आता नाही हं," तो म्हणाला, "माझ्या आहेत त्या."