मांडीवरचें वाचन

बडनेऱ्यास एका स्नेह्यांच्या घरीं नुकतेंच आमचें जाणें झालें. स्टेशनाच्या जवळचें, चार पिढ्यांनीं भरलेलें जुनें घर. गृहस्थ निवृत्त शिक्षक. नातू सव्वा वर्षाचा. आजोबांनीं मोठ्या हौसेनें चित्रांचीं पुस्तकें आणून रोज दिवेलागणीनंतर नातवास वाचून दाखविण्याचा परिपाठ घातला होता. पण आम्ही गेलों तेव्हां तीं सारीं फडताळांत अगदीं वरच्या फळीवर ठेवलेलीं दिसलीं. विचारितां म्हणाले, "आठवडाभर पाहिलें. एक पान पुरें ऐकून घेईल तर शपथ! पान उलटतो, पुस्तक तोंडांत घालतो, उठून चालता होतो. याचें लक्ष मुळीं ठरतच नाहीं." सूनबाई चहा ठेवून कांहीं न बोलतां आंत गेल्या. त्यांच्या मुद्रेवरून आम्हीं ताडलें कीं, हें वाक्य त्या घरांत आज प्रथमच उच्चारलें गेलेलें नाहीं.

आमच्या मतें दोष मुलाचा नसून अपेक्षेचा आहे. वर्गापुढें उभें राहून वाचण्याची ज्यांस आयुष्यभर संवय, त्यांस श्रोता निश्चल बसलेला हवा असतो. ज्यास चालणें नुकतेंच साधलें आहे, त्यानें स्वस्थ बसावें कसें? त्याच्या लेखीं पुस्तक ही प्रथम एक वस्तु आहे. ती उघडते, मिटते, चाखतांही येते. पानें जाड पुठ्ठ्याचीं असलीं म्हणजे निम्मे कलह मिटतात. मोबाइल हातीं दिला तर तासभर हालत नाहीं, असें कोणी म्हणतील. त्यास आम्ही लक्ष म्हणत नाहीं.

"ज्यास बोलतां येत नाहीं त्यास वाचून काय उपयोग?" हेंही घरोघरीं ऐकूं येतें. परंतु मूल बोलूं लागण्यापूर्वीं कित्येक महिने तें समजूं लागलेलें असतें. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २०१४ सालीं आपल्या डॉक्टरांस सुचविलें कीं, तान्हेपणापासूनच मुलांस वाचून दाखविण्याचा सल्ला आईबापांस द्यावा. वाचावें कसें, याचेही प्रयोग तिकडे झाले आहेत. १९८८ सालीं व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं पावणेदोन ते सुमारें तीन वर्षांच्या मुलांच्या आईबापांस शिकविलें कीं, सरळ वाचीत न जातां मध्यें थांबून 'हें काय? तें काय करतें?' असें विचारावें, आणि मूल जें म्हणेल त्यांत एखादा शब्द घालून तें परत म्हणावें. अवघ्या चार आठवड्यांत तीं मुलें, नेहमींच्या रीतीनें वाचून दाखविलेल्या मुलांच्या मानानें, बोलण्यांत पुढें गेलीं.

आणि हाच प्रयोग त्या सायंकाळीं बडनेऱ्याच्या माजघरांत चाललेला आम्हीं पाहिला! पणजीबाईंची दृष्टि अधू. पुस्तक त्यांस दिसत नाहीं. मूल आपण होऊन त्यांच्या मांडीवर जाऊन बसलें. त्यांनीं काऊचिऊची गोष्ट आरंभिली. "मग पाऊस आला. कसा आला रे?" मुलानें हात वर करून बोटें नाचविलीं. "काऊचं घर कुठं गेलं?" "गे!" "गेलं हो, वाहून गेलं!" दार ठोठावण्याचा प्रसंग येतांच तें पाटावर थापा मारी. गोष्ट संपली कीं पुन्हां तीच. एकंदर तीन वेळां झाली.

"तेंच तें ऐकून काय मिळतें कोण जाणे," आजोबा पुटपुटले. पण पुढें काय येणार हें आपणांस ठाऊक आहे, याचाच मुलास आनंद असतो. शिवाय ही गोष्ट कांहीं कालची नव्हे. तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं आमच्याच अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें सिद्ध केलेल्या लीळाचरित्रांत ती आहे. शेणाचें व मेणाचें घर तेंच, कावळाही तोच, चिमणीच्या जागीं मात्र साळै आहे. सातशें वर्षें ऐकून वऱ्हाड जिला कंटाळलें नाहीं, तिला सव्वा वर्षाचें पोर तीन वेळांत काय कंटाळणार?

आम्हीं आजोबांस एक पुस्तक खालीं काढावयास लावलें आणि म्हटलें, "वाचूं नका, नुसतें दाखवा." आगगाडीचें चित्र निघालें. इतक्यांत स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकूं आला आणि मूल मांडीवरून उतरून खिडकीकडे धांवलें. आजोबा पुस्तक मिटूं लागले, तों दारांतून सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, मिटूं नका. तो पुस्तक सोडून नाहीं गेला. त्यांतली गाडी पाहायला गेलाय."

मूल परतलें व त्यानें चित्रावर बोट ठेवलें. "गाडी," आजोबा म्हणाले, आणि कांहीं वेळ थांबून त्यांनीं विचारलें, "कुठें गेली रे?"

पुस्तकें आतां खालच्या फळीवर आलीं आहेत. त्यांपैकीं एकाचा कोपरा दुसऱ्याच दिवशीं चावून झाला, असें कळतें.