गाणारा आणि न गाणारा

शनिवारी ऑस्टिनच्या बार्टन स्प्रिंग्जमध्ये डुंबायला गेलो की आमचा नेहमीचा वाद सुरू होतो. मित्र म्हणतो, "वाचवायचाच तर तो गोल्डन-चीक्ड वार्बलर वाचवा, निदान गातो तरी!"

मान्य. एवढासा जीव, पिवळेधमक गाल. हिवाळ्यात मेक्सिको-मध्य अमेरिकेत, पण घरटं फक्त टेक्सासात, तेही जुन्या ज्युनिपरच्या सालीचं. १९९० साली तो धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आला. त्याच्यासाठी १९९६ पासून इथे बाल्कोनेस कॅन्यनलँड्सचं जंगल राखलंय.

बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर यादीत आला १९९७ मध्ये. बोटभर लांब, जन्मभर पाण्यात, कल्ले डोक्याबाहेर. त्याचं जग म्हणजे हे झरे आणि याच भूजलावरच्या आणखी मोजक्या जागा. इथे नुसतं कुंपण घालून भागत नाही. पाणी चुनखडीच्या भेगांतून येतं, फारसं न गाळता. वरच्या पार्किंगमधलं तेल, लॉनवरचं खत... सगळं त्याच्या कल्ल्यांपर्यंत.

म्हणून माझं मत सॅलमँडरला. पक्ष्यासाठी जंगल राखलं की आपण स्वतःला मोकळे समजतो. याच्यासाठी आपल्याच सवयी बदलाव्या लागतात. आणि हो, त्याच पाण्यात आपणही डुंबतो, बरं का!