आगगाडीतली एक जागा



महाड-पोलादपूरकडच्या माणसाला आगगाडी तशी लांबचीच. कोकण रेल्वे आली, पण आमचे स्टेशन वीर. मुंबईला जायचे तर आपली एस.टी. बरी. अशा आमच्या घरात गेले दोन महिने युरोपातल्या आगगाड्यांची चर्चा चालू आहे, हे वाचून आपणांस हसू येईल.

निमित्त आमच्या कन्येचे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर ती लंडनला शिकते. शिक्षण संपण्यापूर्वी घरातल्या एकाने यावे व तिच्याबरोबर पंधरा दिवस फिरावे, असा तिचा हट्ट. कारकुनी पगारात, पतपेढीचे कर्ज न काढता, एकाचाच खर्च निघतो.

आम्ही वही घेऊन बसलो. पॅरिस, रोम, व्हेनिस, स्वित्झर्लंड अशी आठ ठिकाणे लिहिली. फोनवर ती म्हणाली, “आप्पा, ही तर टूरवाल्यांची जाहिरात झाली. आपल्याला काय बघायचंय ते लिहा ना!” आम्ही यादी खोडली. मग तीनच नावे उरली.

पहिले लंडन. १० किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या घरात बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. दुसरे जर्मनीतले बॉन. लंडनच्या शिक्षणाच्या त्याच काळात बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. तिसरे हंगेरीतले सायोकाझा. तिथल्या रोमा समाजाच्या मुलांना शाळेत वेगळे बसवले जाई. महाराष्ट्रातल्या बौद्ध बांधवांना भेटून गेलेल्या तिथल्या कार्यकर्त्यांनी २००७ साली डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा सुरू केली. परक्या मुलखात ‘जयभीम’ ऐकायला मिळावे, यापरते काय हवे?

आता मार्ग. लंडनहून युरोस्टार गाडी समुद्राखालच्या बोगद्यातून दोन तासांत ब्रुसेल्सला नेते. तेथून दोनेक तासांत कोलोन, पुढे अर्ध्या तासावर बॉन. कोलोनहून रात्रीच्या गाडीने व्हिएन्ना, मग बुडापेस्ट, तेथून दोन-अडीच तासांवर मिश्कोल्त. सायोकाझा त्याच्या जवळच. परतीचे विमान बुडापेस्टहून घेतले की लंडनला माघारी जाण्याचा खर्च वाचतो.

अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा पासही मिळतो. भारतातून जाणाऱ्यांचा तो युरेल, तिकडे राहणाऱ्यांचा इंटररेल. सत्तावीस वर्षांपर्यंतच्या मुलांना तो स्वस्त पडतो. मात्र पास असूनही युरोस्टारची व रात्रीच्या गाडीची जागा वेगळे पैसे भरून राखावी लागते. प्रवास चार-पाचच असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटे स्वस्त पडतात का, हेही पाहावे.

व्हिसा दोन लागतात. ब्रिटनचा वेगळा, आणि जर्मनी, हंगेरी वगैरे देशांचा मिळून शेंगेन व्हिसा वेगळा. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तीस हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. ऐनवेळी उसने पैसे खात्यात भरून शिल्लक फुगवू नये. ते लगेच कळते.

हे सारे जमवले आणि प्रवाशाच्या रकान्यात आम्ही स्वतःचे नाव लिहिले. कोणाला विचारायची गरजही वाटली नाही. कन्येने विचारले, “आप्पा, तुम्ही सभांना नागपूर, दिल्ली फिरलात. आई मुंबईपलीकडे कुठं गेली?”

आम्ही गप्प झालो. दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर आम्ही रमाईच्या त्यागावर बोलतो. बाबासाहेब लंडनला शिकत असताना रमाई मुंबईत काटकसरीने संसार ओढत होती. तेव्हा पैसाच नव्हता. बाबासाहेबही प्राध्यापकीतली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन गेले होते. आज आमच्याकडे एका माणसापुरता पैसा आहे, तरी मागे राहायची ती घरधनीणच का? तिची जागा आम्ही न विचारता घेतली होती, हे वाचकांसमोर कबूल करतो.

नाव खोडून सौ.चे लिहिले. ती आधी नाहीच म्हणाली. “मला विंग्रजी येत नाही.” मग थोड्या वेळाने, “गाडीत आपला डबा खाल्ला तर चालतो का?” चालतो, असे लेकीने सांगितले, तेव्हा ती तयार झाली.

पुढे एक अडचण निघाली. आमचे लग्न बौद्ध पद्धतीने झाले, पण नोंदणी केलेली नव्हती. तिचा खर्च आम्ही करणार, तेव्हा नात्याचा कागद हवा. त्यापायी महिना गेला. वाचकांनी हे काम आजच करावे. रेशनकार्ड, आधार आणि पासपोर्टवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हेही तपासावे.

व्हिसा अजून हाती आलेला नाही. येईल तेव्हा येईल. पण आपण युरोपला निघा की बुद्धगयेला, वहीत पहिले नाव कोणाचे लिहिता, तेवढे एकदा पाहा.

जयभीम!