विमानतळ राहिला, विमान गेले

नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले की प्रवाशांसाठी माहितीपत्रके निघतात. किती वेळ आधी पोचावे, कोणते ओळखपत्र जवळ ठेवावे, किती किलो सामान न्यावे, हे सारे त्यांत तपशीलवार असते. एकच गोष्ट नसते. आज ज्या विमानाचे तिकीट प्रवासी काढतो आहे ते विमान पुढच्या वर्षी तेथून उडणार आहे की नाही, हे कोणी सांगत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी विमानतळाने कोकणी माणसापुढे नेमका हाच प्रश्न उभा केला आहे.

9 ऑक्टोबर 2021 रोजी या विमानतळाचे उद्घाटन झाले. व्यासपीठावर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि केंद्रीय मंत्री नारायण राणे यांच्यात श्रेयाची चकमक झडली आणि वृत्तपत्रांचे रकाने त्यानेच भरले. मुंबई-सिंधुदुर्ग विमान किती वर्षे चालेल आणि त्याचा तोटा कोण सोसेल, हे त्या गदारोळात कोणी विचारले नाही. उत्तर तीन वर्षांनी आपोआप मिळाले. ‘उडान’ योजनेखाली सुरू झालेली अलायन्स एअरची मुंबई सेवा, योजनेची मुदत संपताच, ऑक्टोबर 2024 मध्ये बंद पडली. धावपट्टी होती, इमारत होती, नामफलक होता. ज्या मुंबईशी कोकणाची नाळ जोडलेली आहे, त्या मुंबईचे विमान मात्र नव्हते.

हा अपघात नव्हे. योजनेची घडणच तशी आहे. हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसेल, या घोषणेसह एप्रिल 2017 मध्ये सिमला-दिल्ली मार्गावर ‘उडान’चे पहिले विमान उडाले. तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपये भाडे ठरले. मात्र हे बंधन विमानातील साधारण निम्म्या आसनांपुरतेच होते. उरलेली आसने बाजारभावाने विकण्यास कंपनी मोकळी होती. म्हणजे स्वस्त तिकीट मिळायचे ते आधी धावणाऱ्याला. आईच्या आजारपणाची बातमी कळून आदल्या दिवशी तिकीट शोधणाऱ्या गिरणगावातील माणसाच्या वाट्याला बाजारभावच येणार. कंपनीला होणारी तूट भरून काढण्यासाठी तीन वर्षे अनुदान आणि त्या मार्गावर तेवढाच काळ एकाधिकार, अशी ही व्यवस्था होती. अनुदानाचा पैसा इतर मार्गांवरील उड्डाणांवर बसवलेल्या अधिभारातून आणि राज्यांच्या तिजोरीतून आला.

तीन वर्षांत मागणी वाढेल आणि मार्ग स्वतःच्या पायांवर उभा राहील, असा या योजनेमागचा युक्तिवाद आहे. अर्थशास्त्रात नवजात उद्योगाला संरक्षण देण्याचा जो सिद्धान्त आहे, त्याचीच ही आवृत्ती. सिद्धान्त चुकीचा नाही. परंतु बालक वाढले की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही त्यातच अंतर्भूत आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 2023 च्या अहवालात ते पाहिले. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांपर्यंत 774 मार्ग मंजूर झाले. त्यांतील 403 सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी अवघ्या 112 मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतरही, मार्च 2023 पर्यंत, चालू राहिले ते फक्त 54. मंजूर झालेल्या शंभर मार्गांत सात! अनुदान प्रवाशाच्या सेवेला नव्हे, मुदतीला बांधले की दुसरे काय होणार? हिशेबाला उत्तर देण्याऐवजी फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात आणखी 120 ठिकाणे जोडण्याची घोषणा झाली. जुन्या अपयशावर नव्या आकड्याचे पांघरूण घालण्याची ही रीत कार्यकर्त्यांना नवी नाही.

चिपीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. गोव्यातील मोपा विमानतळाचे डिसेंबर 2022 मध्ये उद्घाटन झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडू लागली. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग या भागांना मोपा चिपीपेक्षा सोयीचा. फेऱ्या जास्त, कंपन्या अनेक. एकाच परिसरात दोन विमानतळ उभारताना कोणाला कोठून किती प्रवासी मिळतील, याचा एकत्रित विचार करणे हे नियोजनाचे प्राथमिक काम होते. नियोजन आयोगच मोडीत काढणाऱ्या राजवटीकडून ते होणार कसे?

खाजगीकरणाचे समर्थक येथे हसून म्हणतील की, मार्ग सोडून गेली ती सरकारी कंपनीच. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. परंतु 1953 साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर मोठ्या मार्गांच्या उत्पन्नातून आडवळणाच्या मार्गांची तूट भरून काढता येत होती. जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया टाटा समूहाच्या हवाली करण्यात आली. मोठे मार्ग तिकडे गेले आणि लहान विमाने चालवणारी अलायन्स एअर तेवढी सरकारकडे उरली. दुभती गाय विकायची, भाकड गोठ्यात ठेवायची आणि मग सरकारी गोठा दूध देत नाही म्हणून ओरडायचे, असा हा प्रकार आहे.

याचा अर्थ विमानतळ श्रीमंतांचा, आपल्याला त्याचे काय, अशी भूमिका घेणे असा नव्हे. काही कार्यकर्ते ती घेतात. ती चुकीची आहे. मुंबईच्या रुग्णालयात तातडीने पोचण्याची गरज गरिबालाच अधिक असते. या विमानतळाला बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 2022 मध्ये घेतला. त्यांच्या राजापूर मतदारसंघाचे पुढे प्रतिनिधित्व केलेले मधु दंडवते 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमच्या गाद्या घातल्या. वरच्या वर्गाचा द्वेष न करता खालच्या वर्गाला वर उचलायचे, ही समाजवाद्यांची प्रवासनीती त्या दोन इंचांत सामावलेली होती.

त्या नीतीने पाहिले तर कोकणच्या प्रवासाचे चित्र कसे दिसते? 1998 मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे, रोहा ते वीर हा सुमारे 47 किलोमीटरचा तुकडा वगळता, अजून एकेरी आहे. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी सर्वसाधारण डब्याच्या दारात लोंबकळतो. मुंबई-गोवा महामार्गाचे 2011 मध्ये सुरू झालेले चौपदरीकरण 2025 उजाडले तरी पुरे झाले नव्हते. विमानाने उतरलेल्या माणसालाही कुडाळचे स्थानक गाठण्यास वीस-पंचवीस किलोमीटर जायचे असते. विमानाच्या वेळेशी जुळणारी एस.टी. नसेल, तर स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे रिक्षा-टॅक्सीत जातात.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. ‘उडान’च्या प्रत्येक मार्गावर किती अनुदान खर्च झाले आणि किती माणसे प्रवास करून गेली, याचा हिशेब दरवर्षी विधानसभेपुढे आणि जिल्हा परिषदेपुढे ठेवला पाहिजे. जेथे विमानसेवा ही गरज आहे तेथे ती तीन वर्षांच्या मेहेरबानीवर न सोडता, मोठ्या मार्गांवर नफा कमावणाऱ्या कंपन्यांवर कायमचे बंधन म्हणून लादली पाहिजे. जेथे गरज सिद्ध होत नाही तेथील पैसा रेल्वेच्या दुसऱ्या मार्गाकडे आणि एस.टी.कडे वळवला पाहिजे. आणि प्रत्येक विमानाला जोडून कुडाळ, मालवण, वेंगुर्ल्याची एस.टी. सुटलीच पाहिजे.

या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी विमानतळाच्या दाराशी जाण्यापूर्वी एस.टी. स्थानकावर आणि रेल्वेच्या फलाटावर जावे. कोकणचा प्रवासी तेथे उभा आहे. नाथ पैंचे नाव कमानीवर कोरणे सोपे आहे. त्या प्रवाशाला त्याच्या घरी पोचवणे, हेच त्या नावाचे खरे स्मारक ठरेल.