एक पाट, सारे घर

बागलाणात मोसम आणि आरम नद्यांच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षांपासून चालत आली. बंधाऱ्यातून एक पाट निघतो आणि पाटकरी पाळीप्रमाणे शेतोशेत पाणी देतो. घरातल्या इंटरनेटचेही तसेच करावे.

थोरल्याला लासलगावचा कांद्याचा भाव हवा, धाकट्याला द्राक्षबागेसाठी हवामान, मुलांना अभ्यास. प्रत्येकाने वेगळे पैसे का भरावेत? बाहेरून एक जोडणी घेऊन ती राउटर नावाच्या पेटीला द्यावी. हाच घरचा पाटकरी. १९९९ च्या सुमारास हे काम घरातला एखादा संगणक सर्व्हर होऊन करी. तो बंद केला की साऱ्यांचेच बंद. आता पेटी पुरते. ती प्रत्येक यंत्राला घरापुरता क्रमांक देते, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि ज्याने मागितले त्यालाच ते पोचवते. मात्र एकाने सिनेमा लावला, तर टोकाच्याला कमी मिळते. तेव्हा पाळी ठरवावी.

जाड भिंतीतून लहरी नीट जात नाहीत. पेटी घराच्या मध्यावर, उंच ठेवावी. लांबच्या खोलीत तार न्यावी, पण एका ओढीत १०० मीटरच्या आत.

आणि हे विसरू नका: बाहेरच्या जगाला सारे घर सहसा एकाच क्रमांकाने दिसते. परक्याने तुमच्या जोडणीवरून गैरकृत्य केले, तर चौकशी तुमच्याच दारी येईल. पेटीसोबत आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदला. पाणी सर्वांना मिळावे. दारे मात्र घरच्यानेच धरावे.