भोके किती, यापेक्षा टाका कसा?

पित्ताच्या खड्यांचे ऑपरेशन ठरले की घरात दोनच प्रश्न निघतात. भोके किती पाडणार आणि घरी कधी सोडणार? मी सर्जन आहे आणि हे प्रश्न मला रास्तच वाटतात. पण खडा मुख्य पित्तनलिकेत असेल, तर तिसरा प्रश्नही विचारावा असे माझे मत आहे. नलिका उघडावी लागली, तर ती शिवणार कोण आणि कशी?

पित्ताशय काढून टाकता येते. त्याच्या देठाला क्लिपा लावल्या की भागते. यकृतातले पित्त आतड्यात नेणारी नलिका मात्र काढून चालत नाही. निरोगी माणसात ती पेन्सिलीइतकीही जाड नसते. खडा अडकला की ती फुगते, कावीळ होते. आज असा खडा बहुधा तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात, आणि ते योग्यच आहे. पण खडे मोठे वा पुष्कळ असले, किंवा त्या वाटेने पोचताच आले नाही, तर नलिकेला चीर द्यावी लागते. मग ती शिवणे आलेच.

१९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. १९९० मध्ये डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी मुंबईत ते करून दाखवले. पुढे ही शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. आत टाका घालण्याची विद्या मात्र तितक्या वेगाने पसरत नाही, कारण ती अवघड आहे. लांब दांड्याचे चिमटे, समोर पडदा, बोटांना स्पर्श जवळजवळ नाहीच. बाहेर हात उजवीकडे नेला की आत टोक डावीकडे जाते!

टाके विरळ पडले तर पित्त पोटात झिरपते. फार जवळ घातले वा करकचून आवळले, तर नलिका अरुंद होऊन पुढे कावीळ परतू शकते. न विरघळणारा धागा आत राहिला, तर त्याच्याभोवती नवा खडा धरू शकतो. म्हणून धागा बारीक आणि विरघळणारा हवा. सुटे टाके घातले तर प्रत्येकाची गाठ आतच मारावी लागते. सलग टाका लवकर होतो, पण धागा शेवटपर्यंत सारखा ताणून धरावा लागतो. पूर्वी नलिकेत टी आकाराची नळी ठेवून रुग्णाला पिशवीसह काही आठवडे काढावे लागत. खडे पूर्ण निघाले असतील आणि पुढची वाट मोकळी असेल, तर आता पुष्कळदा नळीविना थेट शिवतात. रुग्णाचा मुक्काम त्याने कमी होतो.

माझे म्हणणे इतकेच, की हा टाका रुग्णाच्या अंगावर शिकू नये. आधी सरावाच्या पेटीत, मग प्राण्यांच्या अवयवांवर आणि त्यानंतर जाणत्या सर्जनच्या नजरेखाली तो शिकावा. रुग्णालये कॅमेऱ्यावर लाखो रुपये खर्च करतात. त्यातले थोडे या सरावासाठी राखून ठेवायला काय हरकत आहे?

आणि ऑपरेशन चालू असताना सर्जनने पोट उघडायचे ठरवले, तर नातेवाइकांनी त्याला अपयश समजू नये. टाका नीट बसत नाही हे ओळखून थांबणारा सर्जन तुमच्या माणसाचे हितच पाहत असतो. म्हणून ऑपरेशनआधी मोकळेपणाने विचारा, ‘डॉक्टर, असे टाके तुम्ही नेहमी घालता ना?’ चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही.