एका खोलीच्या शाळेची नोंदवही

अमेरिकेत एका खोलीच्या जुन्या शाळा ठिकठिकाणी जतन करून ठेवलेल्या आहेत. आजची मुले तेथे एक दिवस पाटी घेऊन बसतात आणि आपल्या पणजोबांच्या काळाचा अनुभव घेतात. कल्पना चांगली आहे. परंतु आमच्या देशात ही शाळा अद्याप इतिहासजमा झालेली नाही. २०२४-२५ या वर्षात भारतातील एकशिक्षकी शाळांची संख्या एक लाखाहून अधिक होती! ज्यांचे वर्तमानच असे आहे त्यांनी इतिहास अनुभवायचा तो कसा? आमचे उत्तर असे की, बालाघाटकडे पाहावे.

भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग तोडून १८६७ साली हा जिल्हा बनविण्यात आला. मराठी, पोवारी, गोंडी आणि हिंदी या चारही भाषा वैनगंगेच्या या खोऱ्यात नांदतात. १९३७ साली मध्य प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, तेव्हा शिक्षणमंत्री रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना मांडली. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शिक्षकाचा निर्वाह व्हावा आणि शाळा गावाची व्हावी, असा तिचा विचार होता. १९३८ मध्ये वर्ध्यास तिच्या शिक्षकांचे प्रशिक्षणही सुरू झाले. पण 'मंदिर' या नावावरून मुस्लिम समाजाने विरोध केला, १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचे बळ ओसरले.

पुढे १९८७ साली खडू-फळा मोहीम आली. प्रत्येक शाळेला किमान दोन खोल्या आणि दोन शिक्षक, असे तिचे वचन होते. तरीही १९९७ साली मध्य प्रदेश सरकारला शिक्षा गारंटी योजना काढावीच लागली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि ४० मुले असतील, आदिवासी भागात २५ असतील, तर गावाने मागणी करावी व सरकारने ९० दिवसांत 'गुरुजी' द्यावा! २००९ च्या कायद्याने ६० पर्यंत मुलांसाठी दोन शिक्षक ठरविले. वचने दोनाची आणि वाट्यास येतो तो एक, हे या इतिहासाचे सार होय.

त्या एकट्या गुरुजींच्या हाताखाली मोठी मुले लहानांना शिकवीत. ही पद्धत अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासेत पाहिली आणि विलायतेस नेली. परंतु निवडणुकीच्या वा जनगणनेच्या कामास गुरुजी गेले की शाळेस टाळे लागे, हेही विसरून चालणार नाही. आम्ही या शाळेचे गोडवे गाण्यास बसलेलो नाही.

आमचे म्हणणे तिच्या ट्रंकेतील दाखल-खारीज नोंदवहीविषयी आहे. वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण तीत असते. ज्याच्या घरात कागदाचा चिठोराही नाही, त्याचा लिखित इतिहास तेवढाच! जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, तेव्हा आजोबांच्या शाळेतील एक ओळ नातवाचे भवितव्य ठरविते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भंडारा मुंबई राज्यात गेला व बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आजोबांची शाळा एका राज्यात आणि नातवाची कचेरी दुसऱ्या राज्यात, अशी सीमेवरील कुटुंबांची गत झाली आहे. रेघ नकाशावर पडली. हेलपाटे मात्र गरिबाच्या नशिबी आले!

२०१८ पासून मध्य प्रदेशात एकाच आवारातील शाळा एकत्र करण्याचे धोरण सुरू झाले. ते योग्य की अयोग्य, हा वाद आज आम्ही करीत नाही. आम्ही एवढेच विचारतो की, शाळा बंद झाली म्हणजे तिची वही कोणाच्या स्वाधीन होते? वाळवीच्या?

दोन्ही राज्यांच्या सरकारांनी या वह्यांची छायाचित्रे काढून जिल्ह्याच्या ठिकाणी जतन करावीत आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या कचेऱ्यांत त्यांच्या प्रमाणित नकला विनासायास मिळाव्यात, अशी आमची मागणी आहे. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याविषयीचे ३५० अ हे कलम १९५६ सालीच राज्यघटनेत आले. कोणत्या गावात कोणत्या भाषेची मुले शिकत होती, याचा मागही याच वह्यांतून लागू शकेल.

सरकार हलेल तेव्हा हलेल. गावातील तरुणांनी मात्र आजच शाळेत जाऊन गुरुजींच्या अनुमतीने ती ट्रंक उघडावी. इतिहास अनुभवायचा तो असा!